कुरडया लाभत नाहीत

पारूबाईंच्या दाराचं कुलूप निघालं की आमच्या गल्लीत उन्हाळा सुरू होतो. कॅलेंडरात तो केव्हाही असो. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की परत येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पेट्या उतरतात, पातेली उतरतात, पाय बांधलेल्या कोंबड्या उतरतात आणि सगळ्यात शेवटी, पदर कमरेला खोचत, पारूबाई. मग काही दिवस बंद घरातली धूळ झाडण्यात जातात. आणि एका सकाळी तो वास येतो.

भिजलेल्या गव्हाचा वास. ज्यांनी तो घेतलेला नाही त्यांना तो कसा सांगावा, हे मला अजून जमलेलं नाही. आंबूस असतो, पण दह्यासारखा नाही. तान्ह्या बाळाच्या अंगाला येतो तसा काहीसा, आणि ओल्या गोणपाटासारखाही. पहिल्या दिवशी तो घरापुरता असतो, दुसऱ्या दिवशी अंगणात येतो, तिसऱ्या दिवशी गल्लीभर होतो. तेव्हा तिसगावच्या बाजारातून पिशव्या घेऊन येणारा माणूसही नाक वर करून सांगू शकतो, की आज इथे कुणाच्या तरी घरी कुरडया आहेत.

आमच्या घरी कधीच नसतात. आमच्याकडे कुरडया लाभत नाहीत.

पुण्यातल्या ऑफिसात एकदा सगळ्यांनी आपापल्या घरची खासियत आणायची असं ठरलं होतं. मी एरवी गावी घरूनच काम करते. अशा दिवशी तेवढं जावं लागतं. मणिपूरच्या मुलीने आंबवलेल्या मासळीची चटणी आणली होती, त्या वासापायी घरमालकाने तिला एकदा खोली सोडायला सांगितली होती, हेही ती हसत सांगत होती. केरळच्या मुलाने फणसाच्या वाळवलेल्या गऱ्यांचं काहीतरी आणलं होतं. मी बाजारातून आणलेला चिवडा ठेवला आणि कोपऱ्यात उभी राहिले. कुणीतरी विचारलंच, तुमच्या घरचं खास काय? मी म्हणाले, आमच्या घरचं खास म्हणजे एक पदार्थ, जो आम्ही करत नाही. सगळे हसले. मी इंग्रजीत समजावायला गेले, तर त्यांना वाटलं की आम्हा सगळ्यांना गव्हाची ॲलर्जी आहे. मी तेवढ्यावर थांबले. माझी बरीचशी वाक्यं अशीच अर्ध्यावर थांबतात. शाळेत इंग्रजी बोलताना गावची वाटायचे आणि गावात मराठी बोलताना शाळेची, त्यामुळे गप्प बसणं हीच मला नीट येणारी भाषा झाली.

लाभत नाही म्हणजे पोटाला सोसत नाही असं नव्हे. पारूबाईंकडून आलेल्या कुरडया आम्ही तळतो, कुरुमकुरुम खातो, पाहुण्यांच्या ताटात वाढतो. खायला चालतात, करायच्या नाहीत. कधीतरी, कुठल्यातरी वर्षी तो पदार्थ घरात चालू असताना माणूस गेलेलं असतं. तेव्हापासून त्या घराने तो सोडलेला असतो. आमच्या गल्लीत असं प्रत्येक घराचं काही ना काही आहे. पारूबाईंना सांडगे लाभत नाहीत. वळणावरच्या घरात कैरीचं लोणचं घालत नाहीत. त्यामुळे होतं असं, की कुठलंच घर उन्हाळ्यात स्वतःपुरतं पुरं पडत नाही. सांडगे इकडून तिकडे जातात, कुरडया तिकडून इकडे येतात. लहानपणी मला ही देवाणघेवाण फार छान वाटायची. त्या प्रत्येक ताटाखाली एकेक मेलेलं माणूस आहे, हे मला नंतर कळलं.

आमच्या ताटाखाली आजोबा होते.

काकी तेव्हा नवी नवरी होती. माहेराहून येताना तिने पितळी सोऱ्या आणला होता, कुरडईचा. जड, दोन कानांचा, दाबायला दोन माणसं लागावीत असा. पहिल्याच उन्हाळ्यात तिने गहू भिजवला, चीक काढला, तो शिजवला आणि गच्चीवर जुन्या धोतरावर कुरडयांची पांढरी फुलं घातली. दुपारी शेतात आजोबा कोसळले. माणसं धावली, रडारड झाली, दिवस गेले. गच्चीवरच्या कुरडया कुणी उचलल्या नाहीत. चिमण्यांनी खाल्ल्या, उरलेल्या वाऱ्याने नेल्या. पप्पा सांगतात, महिनाभर अंगणात चालताना पायाखाली काहीतरी चुरचुरायचं.

तेव्हापासून तो सोऱ्या स्वयंपाकघराच्या खुंटीला उलटा टांगलेला आहे. भांडणात, लग्नात, कधी नुसतं थट्टेतही कुणीतरी म्हणून जायचं, "सुमननं सोऱ्या आनला अन् सासरा घालवला." हे जास्त करून आत्या म्हणायची. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन ती माहेरी आली होती, आणि आजीच्या मागे घर तिच्याच शब्दावर चालायचं. काकी हातातलं काम ठेवून उठायची. ती पारूबाईंकडे जायची. गल्लीतल्या कुणाच्याही कुरडया काकीच्या हाताशिवाय होत नसत. चीक कधी पारदर्शक झाला, कधी उतरवायचा, हे तिला वाफेच्या वासावरून कळायचं. दुसऱ्यांच्या गच्च्यांवर तिची फुलं एकसारखी, गोल, मधे नाजूक जाळीची अशी वाळत पडलेली असायची आणि आमची गच्ची उन्हात नुसती तापत राहायची.

मला जी आठवते ती ह्या सगळ्याच्या पुष्कळ नंतरची, माझ्या दहावीच्या परीक्षेनंतरची सुट्टी. नगरला आमच्या फ्लॅटमध्ये उकाड्याने जीव जायचा म्हणून मला गावाला पाठवलं होतं. त्या वैशाखात वैशूताईचं, म्हणजे काकीच्या मुलीचं लग्न होतं. घरात रंगाचा वास होता, नव्या साड्यांचा वास होता, आणि दुपारी सगळ्या बायका ओट्यावर बसून रुखवताचं बोलत. रुखवत म्हणजे मुलीच्या आईची परीक्षाच. मांडवात सगळं मांडून ठेवायचं आणि मुलाकडच्या बायकांनी चष्मे सरसावून बघायचं. पापड, शेवया, लाडू. मधोमध कुरडयांचं ताट, गुलाबी, हिरव्या, पांढऱ्या.

"कुरडयांचं पारूला सांगून ठेवू," आत्या म्हणाली.

"मी केल्या तर?" काकी भाजीच्या टोपलीकडे बघत म्हणाली. "एकुलती एक पोरगी हाय, आक्का. लोकाच्या घरच्या मांडायच्या?"

"सुमन, उगा नाट लावू नको. चांगल्या कामात."

"आवो, म्या तर करतेच हाय ना," पारूबाई मधे पडल्या. "हात तिचाच आसतोय. चूल माझी, हात सुमनचा. मांडवात कोन इचारतंय चूल कुनाची?"

"वैशूच्या सासूबाई इचारत्यात," काकी म्हणाली. "तेच इचारत्यात."

पारूबाई खो-खो हसल्या. आत्या हसली नाही. विषय तिथेच संपला असं मला वाटलं.

मग एका सकाळी काकीने मला गोठ्यात हाक मारली. आमच्या गोठ्यात तेव्हा तांबू गाय होती, दिवस भरलेली. काकी तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती.

"सायले, तू कुनाला काय बोलत न्हाईस, म्हून तुला सांगते," ती म्हणाली. "गहू भिजवलाय."

"कुठे?"

"हितंच. पेंडीच्या पोत्यामागं. गोठ्याच्या वासात त्याचा वास कळत न्हाई."

मी पोत्यांमागे वाकून पाहिलं. मोठं घमेलं, वर फडकं, फडक्यावर परात. "पण आत्या..." एवढंच मला सुचलं.

"हे बघ." तिने तांबूची शेपटी बाजूला केली. "बुडाशी खड्डं पडल्यात. कास बी भरलीय. आज-उद्या व्यायची. गहू भिजत आसताना घरात गाय व्याली ना, की सुटतं. मग कुनाला न्हाई म्हनता येत न्हाई. आक्काला बी न्हाई."

सोडलेलं परत धरायची ही एकच वाट आमच्याकडे आहे. माणूस जाऊन जे मोडलं, ते जन्माने जोडायचं. त्याच वेळी घरात मूल जन्मलं पाहिजे, नाहीतर गाय व्यायली पाहिजे. माणसं वर्षानुवर्षं तशा योगाची वाट बघतात. काकीने वाट बघायचं सोडून योग जुळवायला घेतला होता.

"आणि नाही व्याली तर?" मी विचारलं.

"तर काय? चोथा जनावरांना, चीक मोरीत. कुनाला कळायचं बी न्हाई."

तिचा चेहरा मला अजून दिसतो. मोठी माणसं सहसा इतकी आशा चेहऱ्यावर दिसू देत नाहीत.

ते दिवस मी गोठ्याच्या आसपास पुस्तक घेऊन काढले. पानं उलटत होते, वाचत नव्हते. काकी पाणी बदलायला यायची, दोन्ही हात कोपरापर्यंत गव्हात बुडवून ढवळायची, जुनं पाणी गोठ्याच्या नालीत सोडायची. गहू फुगत होता. बोटात धरून दाबला की पांढरा थेंब यायचा. तांबू मान वळवून आमच्याकडे बघायची आणि रवंथ करत राहायची, जणू तिला कसलीच घाई नव्हती.

"कुनाकडं भिजलाय गं गहू?" आत्याने एकदा ओट्यावरून विचारलं.

"पारूबाईकडं," काकी म्हणाली.

"तिनं तर परवाच घातल्या."

"दुसरा घाना आसंल."

आत्याने नाक वर केलं.

मग ती दुपार. लग्नाचा बस्ता आणायला काका आणि वैशूताई जाऊन आले होते, ओट्यावर साड्या उलगडल्या होत्या. गोठ्यातून भांडं पडल्याचा आवाज आला. काकी साडीची घडी टाकून धावली, तिच्या मागे मी. तांबूचं दावं ढिलं झालं होतं. परात एकीकडे, फडकं एकीकडे, घमेलं आडवं, आणि त्यात तळाशी चिकटलेले थोडे दाणे. तांबू जीभ फिरवून ओठ चाटत होती. काकीने घमेलं उचलून पोत्यामागे सारलं. सांडलेल्या पाण्यावर पायाने गवत ओढलं. "काय न्हाई हुत," ती म्हणाली. "चोथा तर खात्यातच जनावरं." हे ती मला सांगत होती की स्वतःला, कुणास ठाऊक.

ऊन उतरायच्या आत तांबूची डावी कूस फुगली. ती पाय झाडू लागली, दात खाऊ लागली, मग बसली आणि उठेना. सगळं घर गोठ्यात जमलं. पोटातल्या वासराचं काय, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. आत्याने ताकात हिंग कालवून आणला. काकांनी फोन केला आणि तिसगावहून जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवर आले. त्यांनी कुशीवर बोटांनी वाजवून पाहिलं, कान लावला.

"काय खाल्लं?"

"रोजचंच. कडवळ, पेंड," काका म्हणाले.

"धान्य-बिन्य काही? नीट सांगा. नुसता गॅस असला तर एक औषध, धान्य खाल्लं असलं तर दुसरं. चुकलं तर गाय जाईल."

"न्हाई ओ, धान्य कुठलं हितं गोठ्यात?" आत्या म्हणाली आणि ताकाचा तांब्या पुढे केला.

मी काकीकडे पाहिलं. तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला होता आणि ती तांबूकडे बघत होती. तेवढा वेळ फारसा नसेल, पण त्या वेळात मी तिचं सगळं आयुष्य पुढे जाताना पाहिलं: ती गप्प राहिली तर काय होईल, बोलली तर काय होईल.

"गहू खाल्लाय," काकी म्हणाली. "भिजवल्याला. घमेलंभर."

"कुठला गहू?" काका गोंधळले.

"कुरडईचा. मी भिजवला हुता."

आत्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. डॉक्टरांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "ताक अजिबात पाजू नका. सोडा आणा, खायचा. जेवढा असेल तेवढा." आणि सगळे धावले.

नळीने औषध गेलं. मग काकी संध्याकाळपर्यंत तांबूला अंगणात फिरवत राहिली. दाव्याला धरून इकडून तिकडे, तिकडून इकडे. बाकीचे एकेक करून घरात गेले. मी ओट्याच्या पायरीवर बसून होते आणि तिच्या टाचांना लागलेला पांढरा चीक वाळून तडकताना बघत होते.

तांबू वाचली. एक दिवस मधे गेला आणि सकाळी ती व्याली. कालवड, अशक्त, पण कान हलवत होती. गल्ली लोटली. त्या दुपारी काय झालं ते सगळ्यांना कळलेलं होतंच.

"आवो आक्का," पारूबाई दारातूनच ओरडल्या, "सुटलं की मग! गहू भिजतच हुता. घमेल्यात न्हाई तर गाईच्या पोटात!"

सगळे हसले. काका हसले, वैशूताई डोळे पुसत हसली. काकीसुद्धा हसली आणि हसता हसता तिने आत्याकडे पाहिलं. त्या हसण्यात विचारणं होतं.

"ज्या गव्हानं गाय मरनाला टेकली," आत्या म्हणाली, "त्यानं काय सुटतंय? आता तर पक्कं झालं."

माझ्या त्या सुट्टीतलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते हे: काकीचं हसू एकदम गेलं नाही. ओठ तसेच राहिले, फक्त त्यांच्या मागून ती निघून गेली.

मांडवात पारूबाईंच्या घरच्या कुरडया मांडल्या. मुलाच्या आईने विचारलंच, "कुनाच्या हातच्या?" काकी म्हणाली, "शेजारच्या." आणि ते खरंच होतं. रुखवताच्या कुरडया घालायला ती पारूबाईंकडे गेलीच नव्हती. त्यानंतर ती कुणाकडेच गेली नाही. बोलावणी यायची, "सुमन, ये गं, चीक उतरवून दे नुसता," आणि ती म्हणायची, "मनगट दुखतंय." गल्लीतल्या कुरडया तेव्हापासून जराशा ओबडधोबड झाल्या. कालवडीचं नाव पारूबाईंनीच ठेवलं, कुरडई. आत्या चिडायची, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

मला पुष्कळ दिवस आत्याचा राग होता. माझा राग म्हणजे काय, तर मी तिने वाढलेलं दुसऱ्यांदा मागायचं नाही. कॉलेजच्या एका सुट्टीत ती आणि मी दोघीच घरी होतो. बाहेर कुणाच्यातरी गव्हाचा वास होता. आत्या खिडकी लावून घ्यायला उठली. एवढ्या उकाड्यात खिडकी का लावतेस, असं मी विचारलं. ती पाठमोरीच म्हणाली, "मी चीक खात हुते, सायले."

मला कळलं नाही.

"बाबा गेले तवा. सुमननं गरम चीक दिला हुता वाटीत, गूळ घालून. लई ग्वाड लागला. मी दुसरी वाटी मागितली. म्हनलं, आजून घाल, वर तूप बी घाल. अन् मानूस पळत आला सांगाया." तिने कडी घातली. "तोंडात घास हुता. थुकावा का गिळावा, ते बी कळंना."

मग ती बाजेवर आडवी झाली. मी पंखा मोठा केला. हे काकीला माहीत आहे का, हे विचारायचं मला त्या दिवशी धाडस झालं नाही, आणि त्यानंतर विचारायची वेळ निघून गेली.

हल्ली रिकाम्या वेळात मी मोबाईलवर लोकांची स्वयंपाकघरं बघत बसते. तुर्कस्तानातल्या एका खेड्यात बायका दही आणि गहू एकत्र आंबवून गच्चीवर चादरी पसरून वाळवतात. त्याला ते तारहाना म्हणतात. हिवाळ्यात त्याचं सूप करतात. चीनमध्ये कुठेतरी एक बाई कणकेचा गोळा पाण्यात धूत होती, धूत होती, पाणी पांढरं होईपर्यंत, आणि मग ते पाणी निवळायला ठेवत होती. तो चीकच होता. मी आवाज बंद करून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. तुर्कस्तानातल्या त्या गच्चीवरही एक म्हातारी हाताने पाखरं हाकत होती. मला वाटलं, त्याही गल्लीत एक गच्ची रिकामी असेल. त्याही गावात एखादी बाई दुसऱ्यांच्या चादरीवर स्वतःचा हात पसरून येत असेल. व्हिडिओत ते दाखवत नाहीत. पदार्थ कसा करायचा हे सगळं जग सांगतं. तो कुणाच्या घरी का केला जात नाही, हे सांगायला कुणी कॅमेऱ्यासमोर येत नाही.

ह्या वर्षी माझं लग्न ठरत आलंय. गुढीपाडव्याला सगळे गावी जमले होते. आत्याला आता नीट दिसत नाही, ती बाजेवर भिंतीला टेकून बसते आणि आवाजांवरून माणसं ओळखते. ती म्हणाली, "सायलीच्या रुखवताला कुरडयांचं पारूला आत्ताच सांगून ठेवा." काकी भाकरी थापत होती. तिने हात न थांबवता म्हटलं, "व्हय आक्का, सांगते."

त्या चटकन आलेल्या "व्हय"ने मला झोप लागू दिली नाही. एके काळी ह्याच बाईने गोठ्यात गहू लपवला होता.

काल सकाळी मी गहू भिजवला. कुणाला विचारलं नाही. स्वयंपाकघरात, खिडकीखाली, मोठ्या स्टीलच्या पातेल्यात, सगळ्यांना दिसेल असा. ह्या वेळी गोठ्यात कुणी व्यायचं नाही. कुरडई गाईचं वेत सरून गेलंय, ती निवांत उभी आहे, आणि तिचं दावं मी स्वतः दोनदा बघून आले. सुटायची कुठलीही वाट न ठेवता मी गहू भिजवला, कारण मी हे मानत नाही.

मानत नाही, असं मला वाटत होतं. गहू कोरडा असतो तोवर न मानणं फार सोपं असतं. त्याच्यावर पाणी ओतलं आणि दाणे तळाशी जाताना बुडबुडे वर आले, तेव्हा मला पप्पांची आठवण झाली. ते नगरला आहेत. दिवाळीनंतर त्यांच्या छातीत दुखलं होतं. आता गोळ्या चालू आहेत, डॉक्टर म्हणतात काळजीचं काही नाही. आजोबा गेले तेव्हा साधारण ह्याच वयाचे असतील. मी फोन केला. ते म्हणाले, "काय गं, सकाळी सकाळी?" मी म्हणाले, "सहज." दुपारी परत केला. "आज काय दोनदा सहज?" ते हसले. त्यांना मी गव्हाचं सांगितलं नाही.

काकी काल पाणी भरून स्वयंपाकघरात आली आणि पातेल्याशी थबकली. फडकं बाजूला करून बघितलं. परत झाकलं. दिवसभर आपली कामं करत राहिली. फक्त काका मोटरसायकलची किल्ली घेऊन निघाले तेव्हा म्हणाली, "ऊन लई हाय. राहू द्या आज तिसगाव." काका म्हणाले, "ऊन काय आज नवं हाय व्हय?" तरी थांबले. मी आणि काकीने एकमेकींकडे बघायचं टाळलं.

आज सकाळी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "पानी बदाललंस?"

"नाही."

"रोज बदलावं लागतं. न्हाईतर काळ्या पडत्यात." तिने पातेलं मोरीशी ओढलं, बांगड्या मागे सारल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. मी पाणी ओतत राहिले. तिने एक दाणा बोटात दाबला, पांढरा थेंब आला, तो तिने अंगठ्याने पुसला. "लग्नाआधी घातल्या तर पोरीच्या अंगाशी येतं म्हनतील," ती म्हणाली.

"म्हणू देत."

"तुला भ्या न्हाई वाटत?"

मी खरं सांगितलं. "वाटतंय."

"मला बी," काकी म्हणाली आणि पातेलं परत खिडकीखाली ठेवलं.

वास आता घरभर झालाय. मी हे लिहितेय ती जागा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ आहे, इथून पातेलंही दिसतं आणि आत्याची बाजही. मघाशी आत्याने भिंतीला टेकलेली मान उचलली, नाक वर केलं.

"कुनाकडं भिजलाय गं गहू?"

काकी ओट्याशी फडकं पिळत होती. तिने ते पूर्ण पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं.

"आपल्याकडं, आक्का."

आत्या ओरडेल, उठेल, पातेलं ओतायला सांगेल, असं मला वाटलं. तिचा हात बाजेच्या कडेवरून चाचपडत पुढे आला आणि तिथेच थांबला.

"सायले," ती म्हणाली, "भाऊला फोन केला का?"

"केला आत्या. सकाळीच. पप्पा बरे आहेत."

"परत कर."

काकी येऊन बाजेच्या पायथ्याशी बसली. मी नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन आमच्या मधे ठेवला. रिंग जात होती. खिडकीखाली गहू फुगत होता. आम्ही तिघी ऐकत होतो.